दारू दुसऱ्याची, पिंप स्वतःचं

स्कॉटलंडच्या ईशान्येला एल्गिन नावाचं गाव आहे. २४ मे १८९५ रोजी तिथल्या साउथ स्ट्रीटवर जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल यांनी किराणा मालाचं दुकान थाटलं. चहा, साखर, वाइन आणि व्हिस्की असा सगळा माल तिथे मिळायचा. त्याच वर्षी जॉन अर्कहार्ट नावाचा पोरसवदा उमेदवार कामाला लागला. पुढे १९१५ मध्ये मॅकफेल निवृत्त झाले, पाठोपाठ गॉर्डन वारले आणि दुकानाची सूत्रं अर्कहार्टकडे आली. आज जगभर ज्यांना ‘इंडिपेंडंट बॉटलर’ म्हणतात, त्यांच्यातलं सगळ्यात वजनदार घराणं ते हेच.

इंडिपेंडंट बॉटलर स्वतः दारू गाळत नाही. तो डिस्टिलरीकडून ताजी दारू किंवा भरलेलं पिंप विकत घेतो, मुरू देतो आणि स्वतःच्या लेबलखाली बाटलीत भरतो. आता ही वेगळी वाट वाटते, पण एकोणिसाव्या शतकात हाच राजमार्ग होता. डिस्टिलरीनं माल गाळायचा आणि पिंपानं विकायचा. पुढचं सगळं व्यापारी बघणार. १८६० च्या कायद्यानं कर भरण्याआधीच, सरकारी देखरेखीच्या गोदामात, माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र करायची मुभा दिली आणि किराणा दुकानदारांना मोठं रान मोकळं झालं. किल्मार्नकचा जॉन वॉकर मूळचा वाणीच, आणि अ‍ॅबरडीनचे शिवास बंधूही. त्यांच्या मिश्रणांची कीर्ती इतकी वाढली की ज्या डिस्टिलऱ्यांच्या मालावर ती उभी होती, त्यांची नावं गिऱ्हाइकाच्या कानावर पडेनाशी झाली.

अर्कहार्टनं दुसरीच चाल धरली. आसपासच्या स्पेसाइड भागात डिस्टिलऱ्यांची दाटी होती आणि तिथल्या माणसांशी त्याचे घरोब्याचे संबंध होते. स्पेनहून शेरी तेव्हा पिंपांतून ब्रिटनमध्ये यायची. रिकामी झालेली ही पिंपं तो निवडून घ्यायचा, डिस्टिलरीकडे पाठवायचा आणि त्यांत ताजा माल भरून घ्यायचा. दारू दुसऱ्याची, पण लाकूड आपल्या पसंतीचं. जुना आंबेमोहोर राखून ठेवणाऱ्या दुकानदाराला ही नजर लगेच ओळखू येईल.

लाकडावर एवढा भर का, हे पिंपाजवळ गेल्यावर कळतं. भट्टीतून आलेली दारू पाण्यासारखी बिनरंगी असते. साधारण साडेत्रेसष्ट टक्क्यांवर ती पिंपात भरतात. तिचा रंग आणि चवीचा मोठा भाग ओकच्या फळ्यांतून उतरतो. शिवाय लाकूड श्वास घेतं; स्कॉटलंडच्या गारठ्यातही वर्षाला सुमारे दोन टक्के माल हवेत विरतो आणि मद्यार्काचं प्रमाणही हळूहळू खाली येतं. ते चाळीस टक्क्यांच्या खाली घसरलं, तर कायद्यानं तिला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. म्हणून जुन्या पिंपाचा नमुना वरचेवर काढावा लागतो, मोजावा लागतो, चाखावा लागतो. फार लवकर भरली तर कच्ची, फार थांबलं तर नुसतं लाकूड. या धंद्यातली खरी विद्या ती हीच.

३ फेब्रुवारी १९४० रोजी, महायुद्ध सुरू असताना, जॉन अर्कहार्ट आणि त्याचा मुलगा जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीच्या दारूनं शेरीचं एक पिंप भरून घेतलं. ते २०२० च्या फेब्रुवारीत, ऐंशी वर्षांनी, बाटल्यांत उतरलं. मद्यार्क ४४.९ टक्के, एकूण डिकँटर २५०. भरणाऱ्या दोघांपैकी कोणीच तोवर हयात नव्हतं. नातवंडा-पतवंडांसाठी माल राखून ठेवण्याची अशी हिंमत दर तिमाहीला हिशेब देणाऱ्या कंपनीत सापडणं अवघड आहे. एकाच घराच्या हाती राहिलेल्या दुकानालाच ती परवडते.

ग्लेनफिडिक डिस्टिलरीनं १९६३ मध्ये सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, परदेशी बाजारात जोरानं उतरवली. मात्र बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल तेव्हाही मिश्रणातच जिरत होता. १९६८ मध्ये जॉर्ज अर्कहार्टनं ‘कॉनॉसर्स चॉइस’ ही मालिका काढली आणि ज्यांची स्वतःची बाटली कधी निघाली नव्हती, अशा डिस्टिलऱ्यांची नावं लेबलावर छापली. चव आणि गावाचं नाव यांची गाठ पुन्हा बांधली गेली. इटलीत याचं चीज झालं. ब्रेशाच्या सिल्व्हानो सामारोलीनं पुढे स्वतः पिंपं निवडायला सुरुवात केली. १९६६ मध्ये गाळलेली आणि त्यानं १९८४ मध्ये भरलेली बोमोर डिस्टिलरीची ‘बुके’ आजही शौकिनांच्या बोलण्यात येते.

अ‍ॅबरडीनची कॅडनहेड ही बॉटलर पेढी तर १८४२ ची. तिचा जुना साठा १९७२ मध्ये लिलावात गेला. स्प्रिंगबँक डिस्टिलरीच्या मालकांनी नाव विकत घेतलं आणि पेढी कँबलटाउनला हलवली. रंग घालायचा नाही, थंड करून गाळायचं नाही, हा तिचा शिरस्ता. तेव्हा तो हेकटपणा वाटला असेल. आज मोठ्या डिस्टिलऱ्याही हेच गुण लेबलावर ठळक छापतात.

या मंडळींचं खरं मोल कळलं ते १९८३ मध्ये. व्हिस्कीचा साठा वारेमाप झाला होता, मागणी आटली होती. डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडनं एकामागून एक भट्ट्या विझवल्या: पोर्ट एलन, ब्रोरा, डलास धू, बॅन्फ, बेनरोमाक. पोर्ट एलन आणि ब्रोरा आज जगातल्या महागड्या नावांत गणल्या जातात. त्या बंद पडल्यावर त्यांची चव सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आधी पोहोचवली ती मुख्यतः इंडिपेंडंट बॉटलरांनी, कारण त्यांच्याकडे पिंपं होती. बेनरोमाक तर गॉर्डन अँड मॅकफेलनं १९९३ मध्ये विकतच घेतली आणि नव्यानं उभारून १९९८ मध्ये सुरू केली.

डिस्टिलऱ्यांना हा शेजार नेहमीच मानवला असं नाही. आपल्या नावाची बाटली दुसऱ्यानं काढली आणि ती उणी निघाली, तर बट्टा आपल्याला, ही त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. काहींनी तोडगा काढला: विकायच्या पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीची चमचाभर माल्ट टाकायची. मग कायद्यानं ती सिंगल माल्ट राहत नाही आणि मूळ नाव लावता येत नाही. बाल्व्हेनीचा असा माल ‘बर्नसाइड’ या नावानं फिरतो. एडिंबरोच्या लीथमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीनं नावंच वगळली आणि प्रत्येक डिस्टिलरीला आकडा दिला. पहिला आकडा ग्लेनफारक्लासचा.

जुलै २०२३ मध्ये गॉर्डन अँड मॅकफेलनं जाहीर केलं की २०२४ पासून इतरांच्या डिस्टिलऱ्यांत पिंपं भरणं थांबवणार. आपल्या बेनरोमाक आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या केर्न डिस्टिलरीवर लक्ष द्यायचं त्यांनी ठरवलं. साठवलेली पिंपं अजून कित्येक दशकं बाटल्यांत उतरत राहतील. तरी हा निर्णय चटका लावणारा आहे. सिंगल माल्टला सोन्याचा भाव आल्यावर डिस्टिलऱ्या चांगला माल हातचा सोडत नाहीत. ज्या दुकानदारांनी ही गोडी लावली, त्यांनाच आता पिंप मिळवताना दमछाक होते.

त्यामुळे बॉटलरांची नजर स्कॉटलंडबाहेरही वळली. सोसायटीच्या यादीत १३४ हा आकडा गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीचा आहे. तिथल्या उकाड्यात पिंपातला माल स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगानं उडतो आणि लाकूडही तितक्याच झपाट्यानं चढतं. ऐंशी वर्षांचा विचार तिथे करताच येत नाही. मोजक्या वर्षांतच पिंप रिकामं करायचं की नाही, हे ठरवावं लागतं.