पैसे कुठे जातात: बँक संकेतांकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

बँकिंगचा अभ्यास करणारे बहुतेक जण कर्जापासून सुरुवात करतात. व्याज, तारण, थकबाकी यांवर भरपूर लिहिले गेले आहे आणि वादही भरपूर झाले आहेत. एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात जातात कसे, हा प्रश्न मात्र कारकुनी म्हणून बाजूला पडतो. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना पहिली विनंती हीच, की त्याला हलके लेखू नये. सोसायटीचा मेंटेनन्स, कामगाराचा पगार, शेतकऱ्याचे ऊसबिल, असे कितीतरी व्यवहार अकरा अक्षर-अंकांच्या एका संकेतांकावर विसंबून होतात. तो संकेतांक काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे कळणे ही सुरक्षित व्यवहाराची पहिली पायरी आहे.

यंत्राला वाचता येतील असे क्रमांक आपल्याकडच्या शाखांना मिळाले ते चेकसाठी. १९८०च्या दशकात महानगरांतल्या क्लिअरिंगमध्ये चुंबकीय शाई वाचणारी यंत्रे आली आणि चेकच्या तळाशी नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक छापला जाऊ लागला. त्यातले पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे अंक पिनकोडशी जुळणारे: मुंबई ४००, पुणे ४११, नागपूर ४४०. स्टेट बँकेचा अंक ००२, बँक ऑफ महाराष्ट्रचा ०१४. त्यामुळे ४११०१४ अशी सुरुवात दिसली की चेक पुण्यातल्या महाराष्ट्र बँकेचा, हे जाणकाराला शाखेचे नाव न वाचताही कळते. या रचनेत शहर सर्वांत आधी येते, कारण चेकचा कागद मुळात त्या त्या शहराच्या क्लिअरिंग हाउसमध्ये फिरत असे.

कागदाऐवजी संदेश धावू लागले तेव्हा हा क्रम बदलला. बँकांनी एकमेकींना आर्थिक संदेश पाठवण्याची एसएफएमएस ही प्रणाली हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने डिसेंबर २००१मध्ये सुरू केली. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस मार्च २००४मध्ये आणि एनईएफटी नोव्हेंबर २००५मध्ये आली. या व्यवस्थांमध्ये शाखेची ओळख पटवतो तो आयएफएससी, म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टिम कोड. त्यात शहराला जागाच नाही. आधी बँक, मग शाखा. कारण संदेश आधी बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो आणि तिथून खात्याकडे.

एक संकेतांक जवळून पाहू. स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा आयएफएससी आहे एस-बी-आय-एन आणि पुढे ००००३००. पहिली चार अक्षरे बँकेची. पाचव्या जागी नेहमी शून्य. ती जागा पुढच्या गरजेसाठी राखून ठेवलेली आहे. उरलेली सहा स्थाने, इथे ०००३००, ही शाखेची. सलग चार शून्ये आहेत, पण त्यांतले पहिले राखीव जागेचे आणि पुढची तीन शाखेची, हे डोळ्यांना उमगत नाही. एखादे शून्य गळाले तर लांबी कमी भरते आणि संगणक संकेतांक नाकारतो. शून्याची आणि तीनाची जागा बदलली तर मात्र लांबी तीच राहते. असा संकेतांक दुसऱ्याच शाखेचा असू शकतो. बँक ऑफ बडोदासारख्या बँकांच्या शाखा-भागात अक्षरेही येतात, तिथे शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत ठरलेली. म्हणून पाचव्या जागी शून्यच असते, एवढे एक सूत्र सांगून नवख्या कारकुनाचे बरेच श्रम वाचवता येतात.

तुलनेचा अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या बँकांचे राउटिंग क्रमांक १९१०पासूनचे. आज ते नऊ अंकी आहेत आणि त्यांतला शेवटचा अंक आधीच्या आठांवरून ठरतो. एखादा अंक चुकला की हिशेब जुळत नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आयबॅनमध्ये देशाच्या अक्षरांनंतर असेच दोन पडताळणी-अंक येतात आणि ते खाते क्रमांकालाही कवेत घेतात. आपल्या आयएफएससीत असा पडताळणी-अंक नाही. खाते क्रमांकाची लांबीही बँकेगणिक वेगळी. त्यामुळे चूक पकडण्याचे काम आपल्याकडे रचनेवर न सोपवता माणसावर आणि कार्यपद्धतीवर सोपवले गेले. खाते क्रमांक दोनदा टाइप करायला लावणारा तो कंटाळवाणा रकाना म्हणजे न दिलेल्या पडताळणी-अंकाची भरपाई होय.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पैसे पाठवताना तीन प्रश्न असतात: कुठे पाठवायचे, कोणाला पाठवायचे आणि पाठवणारा खरोखर तोच आहे का. आयएफएससी फक्त पहिल्याचे उत्तर देतो. तो पत्ता आहे; घरात कोण राहते, हे पत्त्यावरून कळत नाही. खात्याचे नाव आणि क्रमांक जुळतात का, हे पैसे जमा करणारी बँक तपासत असेल, अशी अनेकांची समजूत असते. पण रिझर्व्ह बँकेने २०१०मध्येच स्पष्ट केले होते, की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येते आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणून शाखेच्या चुकीपेक्षा खाते क्रमांकाची चूक अधिक घातक. अस्तित्वात नसलेला क्रमांक दिला तर एनईएफटीतले पैसे परत येतात. बॅचचा हिशेब पुरा झाल्यापासून दोन तासांत ते परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. पण चुकीचा क्रमांक कुणा अनोळखी खातेदाराचा निघाला, तर यंत्रणेच्या लेखी तो व्यवहार यशस्वीच ठरतो.

ही उणीव दूर व्हायला बराच काळ लागला. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खाते क्रमांक व आयएफएससी भरल्यावर खातेदाराचे नाव समोर दिसावे, अशी सोय १ एप्रिल २०२५पर्यंत देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. दरम्यान एनईएफटी १६ डिसेंबर २०१९पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२०पासून अहोरात्र सुरू झाली होती. पूर्वी संध्याकाळनंतर केलेली चूक सकाळी बँक उघडेपर्यंत तरी थांबून राहत असे. तो अवकाश आता उरलेला नाही. आरटीजीएसमध्ये तर दोन लाखांपासूनच्या रकमा एकेक करून तत्काळ चुकत्या होतात.

महाराष्ट्रातल्या अभ्यासकासाठी सहकारी बँकांचा भाग विशेष रंजक आहे. अनेक लहान नागरी सहकारी बँका आणि काही जिल्हा बँका या व्यवस्थेत थेट सदस्य म्हणून न येता एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून येतात. अशा वेळी त्यांच्या आयएफएससीची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असतात. तालुक्याच्या नागरी बँकेतला खातेदार आपल्या पासबुकात भलत्याच खासगी बँकेची अक्षरे पाहतो आणि दचकतो. फसवणूक झाली नाही, हे त्याला समजावून सांगायला ही रचना ठाऊक असावी लागते.

दुसरा धडा विलीनीकरणांचा. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात, तर सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. जुने संकेतांक काही काळ चालू राहिले आणि मग बंद झाले: देना-विजयाचे फेब्रुवारी २०२१अखेर, सिंडिकेटचे जूनअखेर. शाखा त्याच इमारतीत, काउंटरवर माणसेही तीच, पण वहीत लिहून ठेवलेला संकेतांक निकामी. म्हणून संकेतांक जुन्या चेकबुकावरून न उचलता रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्याच संकेतस्थळावरून घ्यावा.

याच वळणावर भामटे उभे असतात. ‘आमची बँक बदलली, या पुढचे बिल नव्या खात्यावर पाठवा’ असा ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने आलेला ईमेल लबाडीचा असू शकतो, आणि त्यातला आयएफएससी मात्र अगदी खरा असतो. तो खरा असल्याने काहीच सिद्ध होत नाही. संकेतांक सर्वांसाठी खुले आहेत. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करणे, कॅन्सल्ड चेक मागणे, नवा बेनिफिशिअरी जोडल्यावर आधी लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची विचारणा करणे, हे तीन उपाय दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘कोणाला’चे, उत्तर मिळवून देतात. ओटीपी आणि पिन तिसऱ्या प्रश्नासाठी आहेत. आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी पैसे देणाऱ्याला सांगायला हरकत नाही. ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागतच नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे. तरीही फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. उशीर होईल तसे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकत जातात.

या क्षेत्रात शिरायला गणित फार लागत नाही. २००७चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा वाचावा, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके तारखांच्या क्रमाने लावावीत, आणि प्रत्येक परिपत्रकाला एकच प्रश्न विचारावा: चुकीचा भार यात कोणाकडून कोणाकडे गेला? २०१०मध्ये तो पाठवणाऱ्यावर होता. नाव पडद्यावर दाखवल्यावर तो हलका होतो, की ‘नाव पाहूनच तुम्ही पाठवले’ म्हणून उलट वाढतो? बँकेचा अधिकारी, ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता आणि वकील या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे देतील. ती एकमेकांसमोर ठेवून तपासण्याचे काम नव्या अभ्यासकांनी करावे.