फितीला भाव नाही

काही वर्षांपूर्वी एका निबंधाचा अनुवाद करताना ‘गॅरेज रॉक’ हा शब्द आला आणि मी अडले. रॉकला मराठीत रॉकच म्हणायचं, त्यात वाद नव्हता. अडचण गॅरेजची होती. अमेरिकेत घराला लागून मोटार ठेवायची खोली असते. साठच्या दशकात तिथली शाळा-कॉलेजातली पोरं मोटार बाहेर काढून त्या खोलीत गिटार, ड्रम आणि एखादा खरखरणारा ॲम्प्लिफायर मांडून वाजवत, म्हणून ते गॅरेज रॉक. मी वाढले जबलपूरच्या गोहलपुरात. तिथे मोटार असलेलीच घरं कमी, तिच्यासाठी वेगळी खोली कुठून असणार? आमच्याकडे गॅरेज म्हणजे मिस्त्रीचं. स्कूटर उघडून पडलेली, पाना-पेचकस मांडलेले, जमिनीवर ऑइलचे डाग. आणि गंमत अशी की १९९७ साली मी ज्या पोरांच्या बँडच्या मागेमागे हिंडत होते, ती पोरं रात्री आठनंतर खरोखरच अशा एका मिस्त्रीच्या गॅरेजात वाजवायची. म्हणजे शब्द चुकीच्या अर्थाने आमच्यापर्यंत पोचला होता आणि तरी बरोबर लागू पडत होता.

या शब्दाचा इतिहासही उलटाच आहे. साठच्या दशकात वाजवणाऱ्या त्या पोरांना आपण ‘गॅरेज रॉक’ वाजवतोय हे ठाऊक नव्हतं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या लेनी केने ‘नगेट्स’ नावाचा दोन रेकॉर्डींचा संच केला. १९६५ ते ६८ या काळात निघून विस्मरणात गेलेल्या छोट्या बँडांची २७ गाणी त्याने एकत्र आणली आणि सोबतच्या टिपणात त्यांच्यासाठी ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले. लंडनमध्ये पंकचा गाजावाजा व्हायला अजून चार वर्षं होती. एका अख्ख्या संगीतप्रकाराला नाव आणि वंशावळ मिळाली ती रेकॉर्डी हाताळणाऱ्या, जपणाऱ्या माणसामुळे. ज्यांची रेकॉर्ड निघाली नव्हती ते बँड या वंशावळीत नाहीत. त्यांतले काही कदाचित अधिक चांगले असतील, पण ते आता कुणालाच कळणार नाही.

हा नियम आपल्याकडेही लागू होतो का, हे पाहायला जबलपूर ही वाटते त्यापेक्षा बरी जागा आहे. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग इथे जोडला गेला आणि मुंबई–कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. याच मार्गावर पुढे मिर्झापूर आहे, एके काळी लाखेच्या कारखान्यांचं मोठं केंद्र. लाख म्हणजे बांगड्यांची, पत्रावर मोहोर उमटवायची, आणि जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींचीही. मध्य भारत आणि छोटा नागपूरच्या जंगलांतली ही लाख जगभर जाई. ग्रामोफोन कंपनीने १९०८ साली कलकत्त्याला सियालदह इथे रेकॉर्डींचा कारखाना काढला, तो १९२८ मध्ये डमडमला गेला. विलायतेत १९६०च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी थांबल्या. डमडमला मात्र त्या त्यानंतरही काही वर्षं निघत राहिल्या, कारण वीज नसलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन होते. त्यामुळे बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांवर निघाली ती भारतात. आज जगभरचे संग्राहक या भारतीय रेकॉर्डींच्या मागे असतात आणि त्यांना वेड्यासारखी किंमत देतात. चावी फिरवून बीटल्स ऐकणारं एखादं घर या मार्गावर असेलही. ते चित्र मला कुठल्याही संगीतसमीक्षेपेक्षा जास्त सांगून जातं.

ऐकणाऱ्यांतून वाजवणारे निघाले. मुंबईत जेट्स, सॅव्हेजेस, कम्बस्टिबल्स, मद्रासला कन्फ्यूजन्स, कलकत्त्याला ग्रेट बेअर, शिलाँगला फेंटोन्स. परदेशी गिटार आयात करणं परवान्यांच्या काळात जवळपास अशक्य. पोरं देशी गिटारवर भागवत, ॲम्प्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जोडून घेत. गाणं शिकायचं म्हणजे रेकॉर्डवरची सुई उचलून पुन्हा त्याच ओळीवर ठेवायची, दहा वेळा, वीस वेळा. शब्द छापलेले नसत. जे ऐकू आलं ते लिहायचं. अनुवादाचा पहिला धडा याहून वेगळा नसतो.

हे सारं हवेत विरून गेलं असतं. ते थोडंफार राहिलं ते एका सिगारेटमुळे. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी तंबाखू कंपनीने अखिल भारतीय सिमला बीट स्पर्धा भरवली. जागोजागी फेऱ्या होऊन निवडलेले बँड अंतिम फेरीला येत, आणि १९७० व १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धेतल्या बँडांची एकेक एलपी निघाली. काही गाणी परदेशी बँडांची, काही स्वतः रचलेली. जबलपूर हे बिडीचं शहर, तेव्हा इथल्या माणसाला यातला विनोद पटकन कळतो. तेंदूपत्त्याच्या धुराने भजनी मंडळं चालली असतील, पण भारतातल्या गॅरेज रॉकचं दफ्तर सांभाळलं ते सिगारेटच्या धुराने. सिगारेट खपवायची होती, गाणी जपायचा कुणाचाच हेतू नव्हता. पुढे अनेक वर्षांनी जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने या दोन्ही एलपी पुन्हा काढल्या आणि युरोपातल्या रसिकांनी शोध लागल्यासारखा आनंद केला. आज सत्तरच्या सुमाराचं भारतीय रॉक म्हणजे प्रामुख्याने या दोन तबकड्या. प्राथमिक फेऱ्यांत बाद झालेल्या बँडांचा त्यात आवाज नाही.

मराठी घरांचा यात काय संबंध, असं वाटेल. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. आईवडील मराठी रंगभूमीवरचे, मुलगा व्हेल्व्हेट फॉग नावाच्या बँडमध्ये गाणारा. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास गायला. आज बहुतेकांना त्यांचा आवाज आठवतो तो ‘डिस्को डान्सर’मधल्या कृष्णाच्या गाण्यामुळे, कारण ती रेकॉर्ड लाखो घरांत गेली. रंगमंचावरचा जुडास ज्यांनी पाहिला त्यांच्याबरोबर तो जाणार. अरुण कोलटकरांचंही असंच. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजी गाणी लिहिली, गिटार शिकले, काही गाणी ध्वनिमुद्रित करून पाहिली. रेकॉर्ड निघाली नाही. गाण्यांचे शब्द त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात आले. आपण त्यांना कवी म्हणून वाचतो, गायक म्हणून ऐकत नाही. निवड कोलटकरांची नव्हती, साधनाची होती.

रेकॉर्ड काढायला कारखाना लागतो. कॅसेटला काहीच लागत नाही, दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर पुरतो. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि आमच्यासारख्या शहरांना पहिल्यांदा आपलं आपण काही जपता येऊ लागलं. दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि साठ मिनिटांची कॅसेट भरून घ्यायची. ‘भरून घेणे’ हे क्रियापद मला फार आवडतं, जणू बरणीच भरून आणायची. माझ्या मामेभावाने मुंबईहून भरून पाठवलेल्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर क्लॅश, रामोन्स आणि मध्येच एक नाट्यगीत होतं, कारण मूळ कॅसेट मामांची होती आणि ती पुरती पुसली गेली नव्हती. कितीतरी दिवस मला वाटायचं की ते पंकचंच आहे. मराठीत पंक म्हणजे चिखल, आणि चिखलात कमळ यावं तसं ते नाट्यगीत तिथे आलं होतं. आवडलं म्हणून मी ते पुसलं नाही.

१९९३ साली अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं ते मुंबईहून नव्हे, कलकत्त्याहून नव्हे, अलाहाबादहून. आमच्याच लोहमार्गावरचं, गाडीने काही तासांचं गाव. इम्फाळ, शिलाँग, बंगलोर, दिल्लीच्या बँडांची नावं एका कागदावर शेजारी शेजारी आली. जबलपुरात एक अंक आठ-दहा हातांतून जाई आणि परत येईतो पुठ्ठा गळालेला असे. छोट्या गावातल्या पोरांना या मासिकाने गाणी दिलीच, पण त्याहून मोठी गोष्ट दिली: कॅसेट पाठवायला एक पत्ता.

२२ मे १९९७च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, ५.८ तीव्रतेचा. भिंतींना भेगा पडल्या, काही घरं बसली, माणसं गेली. त्यानंतर कित्येक रात्री अर्धं गोहलपूर रस्त्यावर, खाटा टाकून, आकाशाखाली झोपलं. एरवी एकमेकांशी बोलत नसत अशा घरांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मी तेव्हा बारावी दिलेली. बँडमधल्या पोरांनी त्या रात्रींवर गाणं करायचं ठरवलं आणि शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण तोवर कॅसेट मागे-पुढे करून इंग्रजी गाण्यांचे शब्द कानाने उतरवून द्यायचं काम मीच करत असे. मी हिंदीत लिहिलं, मध्ये दोन ओळी मराठीतही आल्या. जूनमध्ये त्या मिस्त्रीच्या गॅरेजात एका टेपरेकॉर्डरवर पाच गाणी मुद्रित झाली, तीन दुसऱ्यांची, दोन आमची. मागे पाऊस आणि पत्रा ऐकू यायचा. अलाहाबादला पाठवायची म्हणून प्रत करायची होती. दुसरा टेपरेकॉर्डर मिळेपर्यंत थांबू असं ठरलं. पोरं परीक्षा, नोकरी, लग्न यांत पांगली. मूळ कॅसेट माझ्याकडे राहिली.

मी एम.ए.ला पुण्यात असताना घराची डागडुजी निघाली. भूकंपाच्या भेगा तोवर तशाच होत्या. आईने माळा रिकामा केला आणि कॅसेटींची पेटी कबाड्याला दिली. तिची चूक नाही. सीडी आल्या होत्या, कॅसेट कुणी ऐकत नव्हतं, आणि तिला कसं कळावं की नाट्यगीतांच्या आणि ‘मुघल-ए-आझम’च्या ढिगात एक कॅसेट अशी आहे जिची दुसरी प्रत जगात नाही? बाहेरून तिच्यावर बॉलपेनाने फक्त ‘जून’ लिहिलं होतं.

सुट्टीत घरी आले तेव्हा त्या कबाड्याकडे गेले. तीनेक महिने उलटले होते. तो भला माणूस, त्याने समजावून सांगितलं. कॅसेटचं प्लास्टिक वेगळं, स्क्रू वेगळे, किलोवर जातात. “फीते का कोई भाव नहीं, बेटा. फीता कोई नहीं लेता.” मग फितीचं काय करता, विचारलं. म्हणाला, पाटणकडचे शेतकरी फुकट घेऊन जातात.

हे खरं होतं. जबलपूरच्या आसपास मटार मोठ्या प्रमाणावर होतो आणि पाखरं येऊ नयेत म्हणून शेतात काठ्या रोवून त्यांवर कॅसेटची फीत ताणून बांधतात. ऊन पडलं की ती चमकते, वारा आला की गुणगुणते.

भारतात ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींना वाली मिळाला. १९९० साली मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काढली. गौहर जान, बालगंधर्व, संगीत नाटकं यांची नोंद होत राहिली, लेख आले, रेकॉर्डी ऐकवल्या गेल्या. ती माणसं वेळेवर नसती तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं मराठी संगीत आपण फक्त वाचलं असतं. सिमला बीटच्या तबकड्यांना परदेशातले रसिक मिळाले. आज मुंबईत पुन्हा एलपी विकणारी दुकानं आहेत, ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं तरी. जाड पुठ्ठ्याचा नवा एलपी हातात घेऊन बसणाऱ्यांची मी टिंगल करत नाही. मलाही ते आवडतं. पण नव्या एलपीवर निघतं ते आधीच कुठेतरी जपलेलं संगीत. घरी भरलेली, एकुलती एक कॅसेट मात्र कुणाच्याच यादीत नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकात मध्यम शहरांतल्या पोरांनी काय गायलं याचं दफ्तर माळ्यांवर आहे, आणि माळे रोज रिकामे होताहेत.

म्हणून आता ओळखीच्या घरी माळा निघाला की मी जाऊन बसते. नाव नसलेल्या, नुसती तारीख किंवा महिना लिहिलेल्या कॅसेटी आधी बाजूला काढते. बारसं असतं, आजोबांनी म्हटलेलं रामरक्षा असतं, कुणाच्या तरी भांडणाचा तुकडा असतो, आणि आजवर दोनदा गाणाऱ्या पोरांचा बँड निघाला आहे. एक सागरचा, एक आमच्याच शहरातला. दोन्हींच्या प्रती केल्या, गाणाऱ्यांना शोधून पाठवल्या. आमची कॅसेट सापडलेली नाही. तिच्या डबीतला कार्ड तेवढा माझ्याकडे आहे, कारण मी तो शब्दकोशात खूण म्हणून ठेवला होता. पाच गाण्यांची नावं, चौथ्यापुढे कंसात ‘पाऊस’. शब्द मला अर्धेच आठवतात. परवा बँडमधल्या एकाला फोन केला. त्याला उरलेल्यांतला एक अंतरा आठवत होता. तो फोनवरच गायला आणि मी उतरवून घेतला, पूर्वी घ्यायचे तसा, थांबवून, मागे नेऊन, पुन्हा.