दिनविशेष : २७ जानेवारी

२००४ : ब्रिटिश लेखक मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या कादंबरीला व्हिटब्रेड ‘बुक ऑफ द इयर’ पुरस्कार जाहीर.

स्विंडन शहरात मध्यरात्री शेजारणीचा वेलिंग्टन नावाचा कुत्रा मरून पडलेला सापडतो. अंगात बागकामाचा लांब दांड्याचा काटा रुतलेला. मारेकऱ्याचा शोध घेतो पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून. हा मुलगा गणितात तल्लख, पण कोणी हात लावलेला त्याला खपत नाही, खोटं बोलणं जमत नाही आणि माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. गुप्तहेराला एवढ्या अडचणी पुरे! त्याचं दैवत शेरलॉक होम्स. कादंबरीचं नावही होम्सच्याच ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेतून घेतलेलं. प्रकरणांना क्रमांक मूळ संख्यांचे : २, ३, ५, ७, ११... निवेदक ख्रिस्तोफरच ना!

त्याच्या स्थितीला कादंबरीत कुठेही वैद्यकीय नाव दिलेलं नाही, हे हॅडन यांचं शहाणपण. मारेकरी तर अर्ध्यातच कळतो. खरं रहस्य घरातलं आहे. ते इथे फोडणं बरं नव्हे. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन स्वतंत्र आवृत्त्या एकाच वेळी निघाल्या होत्या. पुढे आलेल्या नाट्यरूपाने २०१३ मध्ये सात ऑलिव्हिए पुरस्कार पटकावले.