मागापासून मोटारीपर्यंत : टोयोटा, किर्लोस्कर आणि मराठवाडा

प्रस्तावना

३१ जुलै २०२४ रोजी मुंबईत महाराष्ट्र शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीमध्ये सामंजस्य करार झाला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील बिडकीन औद्योगिक क्षेत्रात सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीतून हायब्रिड व विद्युत मोटारींचा कारखाना उभारण्याचा विचार या करारात मांडण्यात आला. वर्षाला ४ लाख वाहनांची क्षमता आणि सुमारे ८ हजार प्रत्यक्ष रोजगार हे आकडे त्या वेळी शासनाने जाहीर केले. मराठवाड्यासारख्या अनुशेषाच्या चर्चेत दीर्घकाळ राहिलेल्या विभागात या घोषणेचे स्वागत होणे स्वाभाविक होते. परंतु ज्या कंपनीविषयी एवढी अपेक्षा बाळगली जाते तिचा इतिहास काय आहे, तिच्या मोटारींचे आकर्षण कशातून निर्माण झाले आणि मराठी उद्योगपरंपरेशी तिचा संबंध कसा जुळला, याचा विचार त्या मानाने फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सुताराच्या मुलाचा माग

टोयोटाचा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही, तो हातमागापासून सुरू होतो. कंपनीचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ मध्ये जपानच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात, सुताराच्या घरी झाला. त्या काळी जपानी खेड्यांतून घरोघरी स्त्रिया मागावर बसत. त्यांचे कष्ट कमी करण्याच्या ध्यासातून साकिचींनी सुधारित लाकडी हातमाग तयार केला व १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढील तीन दशके त्यांनी मागावरच खर्च केली. १९२४ मध्ये पूर्ण झालेला ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग हे त्या परिश्रमांचे फळ होय. चालू मागातच धोटा आपोआप बदलणे आणि सूत तुटताच माग आपोआप थांबणे ही त्याची वैशिष्ट्ये होती.

यातील दुसरे वैशिष्ट्य वरवर पाहता किरकोळ वाटते. तथापि टोयोटाच्या पुढील साऱ्या वाटचालीचे बीज त्यातच आहे. सूत तुटल्यावरही माग चालू राहिला तर सदोष कापड विणले जाते, आणि म्हणून प्रत्येक मागाजवळ लक्ष ठेवणारा माणूस उभा करावा लागतो. माग स्वतः थांबत असेल तर एकच कामगार अनेक माग सांभाळू शकतो. दोष पुढे जाऊ न देता जागच्या जागी काम थांबवण्याच्या या तत्त्वाला जपानी भाषेत ‘जिदोका’ असे नाव मिळाले.

१९२६ मध्ये टोयोडा स्वयंचलित माग कारखान्याची स्थापना झाली. १९२९ मध्ये या मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीला देण्याचा करार झाला. ज्या इंग्लंडच्या यंत्रांनी आशियातील हातमाग मोडीत काढले त्याच इंग्लंडने आशियातील एका सुतारपुत्राचा माग विकत घ्यावा, ही घटना औद्योगिक इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. मराठवाड्यातील वाचकाला तिचा अर्थ अधिक जवळून कळावा. औरंगाबाद शहराच्या आधुनिक उद्योगाचा आरंभही १८८९ च्या कापड गिरणीनेच झाला, आणि हिमरू व पैठणीचे विणकर याच परिसरातले. बिडकीन हे गाव तर औरंगाबादहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. हा केवळ योगायोग, त्यातून कार्यकारणभाव काढण्याचे कारण नाही.

साकिचींचे पुत्र किइचिरो टोयोडा यांना मोटारीचे वेध लागले होते. माग कारखान्यातच १९३३ मध्ये मोटार विभाग सुरू झाला, १९३६ मध्ये ‘एए’ ही प्रवासी मोटार बाजारात आली आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ झाले ते १९३६ मध्ये. जपानी लिपीत हे नवे नाव आठ रेघांत लिहिता येते आणि आठ हा अंक तेथे शुभ मानतात. यंत्रयुगातील माणसेही शुभाशुभापासून पुरती सुटलेली नसतात, हे आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

१९५० चे संकट आणि नवी उत्पादनपद्धती

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची अर्थव्यवस्था कोलमडली. विक्री घटली, कर्ज वाढले आणि १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. कामगारकपातीवरून दीर्घ संघर्ष झाला व मोठ्या संख्येने कामगारांना नोकरी सोडावी लागली. कामगारांना काढणार नाही, अशी भूमिका घेतलेल्या किइचिरो यांनी जबाबदारी स्वीकारून अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास सुरू झालेल्या कोरियन युद्धामुळे अमेरिकी लष्कराकडून मालमोटारींच्या मागण्या आल्या आणि कंपनी वाचली. टोयोटाच्या यशाची गोष्ट केवळ व्यवस्थापनकौशल्याची म्हणून सांगताना हा भाग बहुधा वगळला जातो. तो वगळणे इतिहासाला धरून नाही.

मात्र या संकटातून जो धडा घेतला गेला तो कंपनीचा स्वतःचा होता. किइचिरोंचे चुलतबंधू एइजी टोयोडा यांनी १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा अवाढव्य कारखाना पाहिला. एकाच प्रकारच्या लाखो मोटारी काढून गोदामे भरणे जपानच्या लहान बाजारपेठेला परवडणारे नव्हते. टोयोडाच्या कापड कारखान्यातून मोटार कंपनीत आलेले अभियंते ताइइची ओहनो यांनी पर्यायी पद्धती विकसित केली. पुढच्या टप्प्याला जेवढे सुटे भाग हवेत तेवढेच, हवे तेव्हाच मागच्या टप्प्याने पुरवायचे. मागणीची सूचना ‘कानबान’ नावाच्या साध्या चिठ्ठीने द्यायची. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने उचललेल्या वस्तूंइतकीच भर फळीवर घातली जाते, या निरीक्षणाचा ओहनोंवर मोठा प्रभाव होता. त्याला जिदोकाची जोड मिळाली. जुळणीच्या रांगेतील कोणत्याही कामगाराला दोष आढळल्यास दोरी ओढून वरिष्ठांना बोलावण्याचा व प्रसंगी संपूर्ण रांग थांबवण्याचा अधिकार मिळाला. सूत तुटताच थांबणाऱ्या मागाचेच हे मोठे रूप म्हणता येईल.

१९६६ मध्ये आलेली कोरोला, १९८९ मधील लेक्सस ही उंची मोटारींची शाखा आणि १९९७ मधील प्रियस ही मोठ्या संख्येने तयार झालेली जगातील पहिली हायब्रिड मोटार, हे पुढील महत्त्वाचे टप्पे होत. या कीर्तीला डागही लागला. २००९-१० मध्ये प्रवेगकाच्या दोषामुळे जगभरातून लक्षावधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या आणि त्यासंबंधीची माहिती दडवल्याच्या आरोपावरून २०१४ मध्ये अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरावे लागले. दोष दिसताच थांबण्याचे तत्त्व जगाला शिकवणारी कंपनी स्वतः मात्र वेळेवर थांबली नाही, अशी टीका तेव्हा झाली.

किर्लोस्कर : बेळगावचे सायकल दुकान ते बिडदी

भारतात टोयोटा प्रथम आली ती १९८० च्या दशकात, डीसीएम समूहाबरोबर हलक्या मालमोटारी बनवण्यासाठी. माझदा, निस्सान, मित्सुबिशी याही जपानी कंपन्या त्याच काळात, त्याच क्षेत्रात आल्या होत्या. मारुती-सुझुकीचा अपवाद वगळता या प्रयत्नांना मर्यादित यश आले. टोयोटाला भारतात स्थिर पाऊल ठेवता आले ते एका मराठी उद्योगघराण्याच्या साथीने.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे प्रारंभी शेतकरी नांगर घेण्यास धजत नव्हते, असे सांगितले जाते. औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. साकिची टोयोडा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर हे जवळजवळ समवयस्क होते. एकाने विणकर स्त्रीचे, तर दुसऱ्याने शेतकऱ्याचे श्रम डोळ्यांसमोर ठेवून यंत्र घडवले. या दोन घराण्यांचे वंशज शतकाच्या अखेरीस एकत्र यावेत, आणि तेही प्रथम वस्त्रोद्योगातील यंत्रांच्या निमित्ताने, हे लक्षणीय आहे. १९९५ मध्ये बंगळूर येथे किर्लोस्कर टोयोडा ही वस्त्रोद्योगयंत्रे बनवणारी कंपनी निघाली. त्या परिचयातूनच १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरची स्थापना झाली. किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांचा यात पुढाकार होता. कारखाना मात्र कर्नाटकातील बिडदी येथे उभा राहिला. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी विक्रम किर्लोस्कर यांचे निधन झाले व त्यांच्या कन्या मानसी टाटा कंपनीच्या उपाध्यक्षा झाल्या. या संयुक्त कंपनीत किर्लोस्करांचा वाटा आज ११ टक्के आहे. तेव्हा तिला ‘मराठी कंपनी’ म्हणण्यात भावनेचा भाग अधिक, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

आकर्षणाचे स्वरूप

२००० च्या आरंभी आलेली क्वालिस ही या कंपनीची भारतातील पहिली मोटार. दिसायला ती बेताचीच आणि तिचा मूळ साचाही आग्नेय आशियात जुना झालेला होता. तरीही भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ती उचलली, कारण ती क्वचितच बंद पडत असे. रोजच्या फेरीवर ज्याचे पोट अवलंबून आहे त्याला गाडी उभी राहणे म्हणजे मजुरी बुडणे. २००५ मध्ये क्वालिसची जागा इनोव्हाने घेतली. औरंगाबादसारख्या शहरात या गाडीला विशेष वाव होता. वेरूळ, अजिंठा, शिर्डी, पैठण असा प्रवास, एका कुटुंबातील सात-आठ माणसे, सोबत डबे-पिशव्या आणि विदर्भ-मराठवाड्यातील खडबडीत रस्ते, या साऱ्याला पुरणारी गाडी म्हणून तिचा लौकिक झाला. पुढे जिल्हा परिषद सदस्यापासून मंत्र्यांपर्यंत अनेकांनी तिला पसंती दिली. ग्रामीण भागात दारासमोर उभी असलेली पांढरी इनोव्हा वा फॉर्च्युनर ही राजकीय वजनाची खूण ठरली.

येथे दुसऱ्या एका घटनेशी तुलना उद्बोधक ठरेल. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादमधील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्रितपणे १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराने देशाचे लक्ष वेधले. ‘आम्हीही आहोत’ हे मुंबई-पुण्याला सांगणे हा त्या खरेदीचा मोठा हेतू होता. टोयोटाचे आकर्षण या जातीचे नाही. पाच-सात वर्षे वापरून विकली तरी बरी किंमत येते आणि लाखो किलोमीटर चालूनही इंजिन दगा देत नाही, या हिशेबी विश्वासावर ते उभे आहे. व्यापारी आणि शेतकरी या दोघांनाही हा हिशेब चटकन समजतो.

बिडकीनपुढील प्रश्न

मराठवाड्याला जपानी तंत्रज्ञान नवे नाही. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. कंपनीचा कावासाकीशी तांत्रिक सहयोग त्याच दशकातला. बजाजला सुटे भाग पुरवता पुरवता एंड्युरन्स, व्हॅरॉक यांसारख्या कंपन्या येथेच वाढल्या व देशाबाहेर गेल्या. शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. पण या दोन कारखान्यांचा परिणाम सारखा झाला नाही. बजाजभोवती लघुउद्योगांचे मोहोळ जमले. बाहेरून आलेले भाग जुळवण्यावर भर असलेल्या शेंद्र्यातील कारखान्याभोवती तसे जमले नाही. बिडकीन या दोहोंपैकी कोणत्या वाटेने जाईल, हा खरा प्रश्न आहे.

वेळेवर पुरवठा ही पद्धती मोठ्या कारखान्याला गोदामातून मुक्त करते; साठा सांभाळण्याचा भार मात्र अनेकदा लहान पुरवठादारावर जातो. वाळूजमधील दहा-पंधरा यंत्रांच्या वर्कशॉपला तो पेलायचा तर स्वस्त भांडवल आणि अखंड वीज हवी. कामगारांच्या बाजूनेही बिडदीचा इतिहास सरळ नाही. तेथे २००६ मध्ये संप, तर मार्च २०१४ आणि नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदी झाली. वाढता कामाचा बोजा हा २०२० च्या संघर्षातील प्रमुख मुद्दा होता. रांग थांबवण्याची दोरी हाताशी असणे आणि रांगेचा वेग ठरवताना विचारले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाण्याचाही विचार टाळता येत नाही. शहर, उद्योग आणि शेती या तिघांची भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे, आणि नाथसागर भरला नाही की वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नगर-नाशिकशी वाद उभा राहतो. २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेले बिडकीन औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांचे आहे. विद्युत दुचाकींची एथर आणि जेएसडब्ल्यू समूहाची हरित वाहन कंपनी यांनीही तेथे प्रकल्प जाहीर केले आहेत.

ज्यांच्या शेतजमिनी या क्षेत्रासाठी गेल्या त्यांच्या मुलांना मोबदल्याच्या पैशापलीकडे काय मिळेल, याचा अंदाज बांधण्यास बिडदीचेच एक उदाहरण उपयोगी आहे. २००७ मध्ये टोयोटा किर्लोस्करने तेथे निवासी तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू केली. कर्नाटकच्या ग्रामीण भागातील, दहावी झालेल्या गरीब मुलांना निवडून तीन वर्षे शिकवणे हे तिचे स्वरूप. पैठण, गंगापूर, फुलंब्री येथील आयटीआयमधून बाहेर पडणारी मुले आज वाळूज व चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामगार म्हणून जातात. बिडकीनमध्ये अशी संस्था जुळणीची रांग सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी उघडली, तरच पहिल्या मोटारीवर त्यांचे हात असतील.