‘आमेन’ : एका शब्दाचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. शब्दाच्या बाबतीत मात्र हा दंडक पाळून चालत नाही. रोज ओठांवर असलेल्या शब्दाचे मूळ विसरले की त्याचा अर्थही हळूहळू विसरतो. ‘आमेन’ हा असाच एक शब्द. अक्षरे अवघी तीन. घरच्या जपमाळेत, जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत, मिस्साबलिदानात तो आपण नित्य उच्चारतो; आणि बहुधा ‘प्रार्थना संपली’ एवढाच त्याचा अर्थ घेतो. वस्तुतः हा पूर्णविराम नाही.

‘आमेन’ मूळचा हिब्रू. आलेफ, मेम आणि नून या तीन व्यंजनांच्या धातूपासून तो बनला आहे. या धातूचा मूळ भाव म्हणजे पक्के असणे, भार पेलणे, डळमळू न देणे. भिंतीत घट्ट बसलेल्या, ओझे टांगले तरी न निखळणाऱ्या खुंटीच्या जागेचे वर्णन यशया याच धातूने करतो. मंदिराच्या दारांचे खांब, तान्ह्या बाळाला कडेवर वागवणारी दाई यांची नावेही त्यातूनच आली. ‘एमुना’ म्हणजे श्रद्धा आणि ‘एमेत’ म्हणजे सत्य, ही त्याचीच भावंडे. हिब्रू मनाला श्रद्धा म्हणजे केवळ एखादे मत वाटत नाही. जिच्यावर आपला भार टाकता येतो ती जागा, असे वाटते.

जुन्या करारात ‘आमेन’ हा बोलणाऱ्याचा नव्हे, तर ऐकणाऱ्याचा शब्द आहे. अनुवादाच्या २७व्या अध्यायात लेवी बारा शाप उच्चारतात आणि प्रत्येक शापानंतर सारी प्रजा ‘आमेन’ म्हणते, म्हणजे तो नियम स्वतःवर बांधून घेते. एज्राने नियमशास्त्राचा ग्रंथ उघडून देवाचा धन्यवाद केला, तेव्हा लोकांनी हात उंचावून ‘आमेन, आमेन’ असा प्रतिसाद दिला, असे नहेम्या सांगतो. पुढे यहुदी धर्मपंडितांनी या उच्चाराचेही नियम घालून दिले. घाईने हिसकावलेले ‘आमेन’ नको, अर्धवट खुडलेले नको, आणि ‘अनाथ आमेन’ही नको. आशीर्वचन काय होते हे न ऐकताच म्हटलेले ते अनाथ!

प्रभू येशूने मात्र ही रीतच उलटी केली. इतर लोक दुसऱ्याच्या बोलण्याच्या शेवटी ‘आमेन’ म्हणत. तो स्वतःच्या बोलण्याच्या आरंभीच ‘आमेन’ म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर हे दुहेरी ‘आमेन, आमेन’ पंचवीस वेळा येते. मराठी बायबलमध्ये आपण त्या जागी ‘खचीत खचीत’ असे वाचतो, त्यामुळे मूळचा ध्वनी आपल्या कानी पडत नाही. प्रकटीकरणाचे पुस्तक याही पुढे जाऊन ख्रिस्तालाच ‘आमेन’ हे नाव देते. देवाच्या साऱ्या वचनांना मिळालेला होकार म्हणजे तो, हा पौलाचाही विचार आहे.

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी ‘तसे घडो’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द योजला. लूकही काही जागी ‘खरोखर’ असा ग्रीक पर्याय वापरतो. तथापि ख्रिस्तसभेच्या उपासनेत मूळ शब्दच टिकला. ग्रीक, लॅटिन, सुरियानी, मराठी अशा साऱ्या भाषांनी तो जसाच्या तसा ठेवून घेतला. इ. स. १५५च्या सुमारास संत जस्टिन रोमी सम्राटाला ख्रिस्ती उपासनेची माहिती देताना, अध्यक्षाच्या प्रार्थनेनंतर सर्व लोक ‘आमेन’ म्हणतात, असे आवर्जून लिहितो. रोमच्या मंदिरांत हा उच्चार मेघगर्जनेसारखा घुमे, अशी संत जेरोमची साक्ष आहे.

या शब्दाचे गोत मोठे आहे. काहींनी त्याचा संबंध इजिप्तच्या आमुन देवाशी, तर काहींनी ‘ओम्’शी जोडला, परंतु ते साम्य केवळ ध्वनीचे आहे. खरे नाते अरबीशी आहे. कुराणातील पहिल्या अध्यायाच्या पठणानंतर मुस्लिम बांधव ‘आमीन’ म्हणतात. त्याच धातूचे अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत आले आणि घरचेच झाले : इमान, इमानदार, बेइमान, अमीन आणि ठेव या अर्थाचा अनामत. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजही आपल्या प्रार्थनामंदिरांत ‘आमेन’ म्हणत आला. त्यांचे मुंबईतील पहिले मंदिर सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली उभारले. म्हणजे मराठी बोलणारे तीन धर्मांचे लोक एकाच शब्दाने देवाला होकार देत आले आहेत.

युरोपात या शब्दाच्या वाट्याला बरे-वाईट दोन्ही आले. जर्मन माणूस खात्रीच्या गोष्टीला ‘चर्चमधल्या आमेनइतकी निश्चित’ म्हणतो. इटालियनात ‘एका आमेनात’ म्हणजे क्षणार्धात. आणि फ्रेंचमध्ये ‘सगळ्याला आमेन म्हणणारा’ म्हणजे आपला होयबा! पक्केपणाचा शब्द घाईचा आणि लाचारीचा कसा होतो, हे या वाक्प्रचारांत दिसते.

उपासनेतही तसेच घडले. चौथ्या शतकात संत अँब्रोजच्या काळी ‘ख्रिस्ताचे शरीर’ या शब्दांना भाविक ‘आमेन’ असे उत्तर देत. पुढे लॅटिन मिस्साची उत्तरे सेवक आणि गायकवृंद यांच्याकडे गेली. ख्रिस्तशरीर देताना लांब प्रार्थना धर्मगुरूच म्हणत आणि तिचे ‘आमेन’ही तेच म्हणत, भाविक मुकाट राहत. दुसरी व्हॅटिकन परिषद चालू असतानाच, १९६४ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात जुनी रीत पुन्हा आली आणि लोकांचे ‘आमेन’ लोकांना परत मिळाले.

परत मिळालेल्या या ठेवीचे आपण काय करतो? संत ऑगस्टीनने नवदीक्षितांना समजावले होते, की तुम्हीच ख्रिस्ताचे शरीर आहात. जे आहात त्यालाच ‘आमेन’ म्हणता. तेव्हा ते खरे ठरेल असे त्या शरीराचे अवयव व्हा. शेजाऱ्याशी अबोला धरून, भावाच्या वाट्याची जमीन दाबून रांगेत उभे राहणाऱ्याचे ‘आमेन’ कितीही मोठ्याने म्हटले तरी अनाथच. आपल्या भाषेने हा निवाडा कधीच करून ठेवला आहे : ‘आमेन’ आणि ‘इमान’ यांचे मूळ एकच. जेथे इमान नाही, तेथे आमेन नाही.