खाडीवरचे रोहित

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड-कोट आणि तहनामे उभे राहतात. पण मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला, मिठागरांच्या पलीकडे, एक इतिहास चिखलात लिहिला जात आहे. आणि त्याच्याकडे आपली पाठ आहे. ओहोटी लागली की तिथे उंच पायांचे गुलाबी पक्षी उतरतात. कोणी त्यांना बगळे म्हणतो, कोणी करकोचे. ते आहेत रोहित.

१९४५ साली सलीम अलींनी रोहितांची वीण पाहिली ती कच्छच्या रणात. आपल्याकडे त्यांचे मोठमोठे थवे दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून. आधी शिवडीला, मग ठाण्याच्या खाडीत वरपर्यंत. हिवाळ्याच्या सुमारास यावे आणि पावसाच्या तोंडावर निघावे, असा त्यांचा क्रम.

ते इथेच का आले? जाणकार देतात ते उत्तर आपल्याला खाली मान घालायला लावणारे आहे. शहराचे सांडपाणी खाडीत गेले, त्यावर शेवाळ माजले. आणि धाकटा रोहित मान उलटी करून चोचीतल्या चाळणीने नेमके हेच सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या आहारातूनच येतो. म्हणजे पाहुण्यांना आपण आमंत्रण दिले नव्हते. आपली घाण त्यांच्या पथ्यावर पडली, इतकेच. अशा योगायोगावर किती विसंबावे?

२०१५ साली खाडीचे सुमारे १,७०० हेक्टर क्षेत्र अभयारण्य झाले. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा मानही मिळाला. हे चांगलेच झाले. पण पाखरू नकाशा वाचत नाही. भरतीने चिखल बुडाला की त्याला विसाव्यासाठी हद्दीबाहेरची, पलतीरी नेरूळकडची पाणथळ लागते. ती बुजली, तर अभयारण्य म्हणजे दार उघडे आणि घरात पाट नाही, अशी गत.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून जाणाऱ्या थव्याला उतरते विमान धडकले. तीसहून अधिक रोहित वस्तीत मरून पडले. त्या रात्री अनेकांनी हा पक्षी प्रथमच जवळून पाहिला.

आपली व्याख्यानमाला संपेल तेव्हा रोहितही निघण्याच्या तयारीत असतील. त्याआधी एकदा ओहोटीची वेळ पाहून खाडीवर जाऊन या. ज्याला आपण ओळखतो, त्याच्यासाठीच आपण भांडतो.