चेतापेशीजनन आणि जनुक-नियमन

चेतामूलपेशीपासून नवी चेतापेशी तयार होण्याची प्रक्रिया. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुके तीच असतात. मूलपेशीचे पुढे काय होणार, हे त्यांपैकी कोणती जनुके केव्हा चालू वा बंद होतात यावर ठरते. यातील ‘केव्हा’ला विशेष महत्त्व आहे. उंदराच्या गर्भातील चेतामूलपेशींत हेस१ या प्रथिनाची पातळी सुमारे २ ते ३ तासांच्या आवर्तनाने चढते-उतरते. हेस१ स्वतःच्याच जनुकाला आवर घालते. मग उरलेले प्रथिन झपाट्याने विघटित होते, आवर सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. हेलकावे चालू असेपर्यंत पेशी विभाजनक्षम राहते. हेस१ ओसरून न्यूरोजेनिन२ हे दुसरे प्रथिन टिकून राहिले, की ती चेतापेशी बनू लागते. क्योटो विद्यापीठातील र्‍योइचिरो कागेयामा यांच्या गटाने २००८ मध्ये जिवंत पेशींत हे दाखवले. या क्षेत्रातील हे मूलगामी काम होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या गटाने २०११ मध्ये एलएचएक्स२ या नियामक प्रथिनाचे कार्य उलगडले. उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या विकसनशील भागातून ते काढून टाकल्यास चेतापेशी घडवणाऱ्या पूर्वगामी पेशी चेतापेशींऐवजी अकालीच तारकापेशी (मेंदूतील आधारपेशी) निर्माण करू लागतात. प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्येही नव्या चेतापेशी तयार होत राहतात. प्रौढ मानवात त्या किती प्रमाणात होतात, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.